उतरलेला हात परत सुजला तर: कुठून तपासत जायचं

ब्लाउजची एकच बाही घट्ट व्हायला लागते. दोन्ही बाह्या एकाच मापाच्या, एकाच दिवशी शिवलेल्या, एकाच बादलीत भिजवलेल्या. तरी उजवी चढवताना दंडाशी अडते आणि संध्याकाळी काढली की शिलाईची लाल रेघ दंडावर उमटलेली असते. मी मिरजेत बायकांचे ब्लाउज शिवते. माझा हात सुजला हे मला डोळ्यांच्या आधी बाहीतून कळतं.

ही सूज स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतरची. तिला लिम्फेडेमा म्हणतात: काखेतल्या लसिकागाठी काढल्या की हातातलं पाणी नीट वाहून जात नाही, तुंबतं. बाकीची लक्षणं अशी. अंगठी फिरत नाही. बांगडी मनगटाच्या हाडावरून मागं-पुढं होत नाही, एका जागी बसून राहते. हात जड होतो, खांद्यावर ओली गोधडी टाकल्यासारखा. दुखत फारसं नाही, पण ताणल्यासारखं वाटतं. हाताच्या पाठीवरच्या शिरा आणि बोटांचे सांधे या हातावर पुसट होतात, दुसऱ्या हातावर ठळक दिसतात. बोटानं दाबून धरलं की खळगा पडतो आणि तो भरायला वेळ लागतो. काहीजणींचा हात ठीक असतो, पण काखेच्या मागं, पाठीच्या कडेला किंवा ब्राच्या पट्टीखाली फुगवटा येतो. तीही हीच सूज, फक्त जागा वेगळी.

सुरुवातीच्या काळात हात उशीवर ठेवून झोपलं की सकाळपर्यंत सूज ओसरते. ती सकाळीही तेवढीच राहायला लागली, कातडी जाड लागायला लागली, दाबलं तरी खळगा पडेनासा झाला, तर दुखणं पुढच्या टप्प्यावर गेलं. एक सोपी खूण आहे. बोटाच्या मुळाशी, हाताच्या पाठीकडची कातडी चिमटीत उचलून बघायची. चांगल्या हाताची उचलली जाते आणि या हाताची जात नाही, तर तो बहुधा लिम्फेडेमाच. चिमटीत आली म्हणून लिम्फेडेमा नाहीच, असं मात्र समजू नका.

माझं ऑपरेशन २०१४ सालचं. उजवी बाजू, काखेतल्या सतरा गाठी काढल्या, मग केमो, मग शेक (रेडिएशन). हात पहिल्यांदा सुजला तो २०१६ च्या दिवाळीत. तेव्हापासून वहीत नोंद आहे: चौदा वेळा उतरलेला हात परत चढला आणि चौदाही वेळा खाली आणला. त्या चौदांपैकी सहा वेळा दोष स्लीव्हचा होता, म्हणजे सूज धरून ठेवायला हातावर चढवतात त्या दाबाच्या घट्ट बाहीचा. पाच वेळा मीच काहीतरी जास्तीचं केलं होतं. दोनदा जंतुसंसर्ग झाला, आणि एकदा गुठळीची शंका आली म्हणून तपासणी करावी लागली, ती नव्हती. म्हणून हात सुजला की ‘आजार उलटला’ म्हणून रडत बसण्याआधी काय काय बघायचं, ते फुकटच्या गोष्टींपासून सुरू करून लिहिते.

पण आधी हे बघा. यातलं एकही असेल तर पुढचं वाचू नका, दवाखाना गाठा

हात लाल झाला, गरम लागतोय, त्यात ताप किंवा हुडहुडी: त्याच दिवशी डॉक्टर. रात्र असली तरी. लाली कुठवर आहे तिथं बॉलपेननं रेघ ओढा आणि वेळ लिहा. दोन तासांनी लाली रेघेबाहेर गेली असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगा. या काळात स्लीव्ह नाही, बँडेज नाही, मालिश नाही.

काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत हात एकदम फुगला, दुखतोय, निळसर दिसतोय, छातीवर-खांद्यावर शिरा उठल्यात: शिरेत गुठळी असू शकते. डॉपलर सोनोग्राफी होईपर्यंत हाताला दाबू-चोळू नका. सोबत धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर थेट तातडीच्या विभागात.

हात बधिर, बोटांत ताकद नाही, खांद्यापासून कळा येतात, गळपट्टीच्या हाडाच्या वर किंवा काखेत नवीन गाठ लागते, किंवा सगळं नीट करूनही सूज आठवड्यागणिक वाढतेच आहे: आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना दाखवा, सुजेच्या फिजिओथेरपिस्टकडं नंतर. जुन्या सुजलेल्या हातावर जांभळट डाग किंवा गाठी उठल्या तरीही तेच. तो प्रकार फार दुर्मिळ आहे, पण वाट बघण्यातला नाही.

हात सुजतो कशानं

आमच्याकडं उसाला पाणी पाजणारा कुणीही हे पटकन समजेल. रक्तवाहिन्यांतून पाणी आणि प्रथिनं सतत बाहेर झिरपतात. ती गोळा करून परत रक्तात नेणाऱ्या बारीक नळ्या म्हणजे लसिकावाहिन्या. अख्ख्या शरीरात दिवसाला दोन-चार लिटरचा हा कारभार चालतो. हाताचं बहुतेक पाणी काखेतल्या गाठींतून जातं. गाठी काढल्या, वर शेकानं तिथली जागा आवळली, की पाट अरुंद झाला. रोजचं पाणी कसंबसं जातं. पण जास्त काम, ऊन, जखम किंवा जंतू यानं पाणी वाढलं की सरी तुंबते.

यात हृदयासारखा मोठा पंप नाही. नळ्या स्वतः थोड्या आवळतात, बाकी ढकलण्याचं काम स्नायूंची हालचाल आणि श्वास करतो. म्हणून हात गळ्यात बांधून ठेवणं हा उपाय नव्हे. आणि तुंबलेल्या पाण्यात प्रथिनं असतात, म्हणून लघवी वाढवणारी ‘पाण्याची गोळी’ इथं टिकाऊ काम करत नाही: पाणी निघतं, प्रथिनं तिथंच राहतात आणि परत पाणी ओढून घेतात. मला एका दवाखान्यात ती तीन महिने दिली होती. हात होता तसाच राहिला, रात्रीची झोप मात्र गेली.

काखेतल्या सगळ्या गाठी काढलेल्या बायकांत साधारण पाचांत एकीला हे होतं. फक्त पहारेकरी गाठ, म्हणजे कॅन्सर काखेत आधी जिथं पोचतो ती गाठ, काढून तपासलेल्यांत शंभरात पाच-सहा जणींना. बहुतेकींना पहिल्या दोन-तीन वर्षांतच कळतं, पण दहा वर्षांनी सुरू झालेलाही हात मी पाहिलाय.

१. टेप आणि वही

पहिली तपासणी वीस रुपयांची. ‘सुजल्यासारखं वाटतंय’ यावर काही ठरवू नका, मोजा. सकाळी उठल्यावर, स्लीव्ह घालायच्या आधी, दोन्ही हात. मनगटाच्या हाडापाशी पेननं खूण करा आणि तिथून वर दर चार सेंटिमीटरला एक खूण, काखेच्या खाली चार बोटांपर्यंत. तळहाताचा घेरही घ्या, अंगठा सोडून.

इथं माझा धंदा कामाला येतो. टेप नुसती टेकवायची, आवळायची नाही. कातडी दबली तर माप खोटं. तिरकी धरली तर माप वाढतं. प्लॅस्टिकची टेप वापरून वापरून ताणते; माझी एक टेप साठ इंचांत पाऊण इंच लांब झाली होती आणि मी महिनाभर ‘हात उतरतोय’ म्हणून खुशीत होते. नवी घ्या आणि हाताची टेप वेगळी ठेवा, शिलाईची नाही.

दोन हातांत एखाद्या जागी दोन सेंटिमीटर किंवा जास्त फरक, ही सर्वसाधारण धोक्याची रेघ. उजव्या माणसाचा उजवा हात मुळातच थोडा जाड असतो, म्हणून ऑपरेशनच्या आधीचं माप असेल तर सोन्याहून पिवळं. ज्यांचं ऑपरेशन अजून व्हायचंय त्यांनी आजच घेऊन ठेवा.

माप तेच आहे पण हात जड वाटतोय? तेही लिहा. जडपणा टेपच्या आधी येतो. तिथंच पुढच्या दोन तपासण्या केल्या तर बहुतेकदा तेवढ्यावर भागतं.

२. परवापासून काय काय केलं?

२०१६ ची दिवाळी. ऑर्डरी संपवून रात्री दहाला चकल्या करायला बसले. तीन किलो भाजणी, पितळी सोऱ्या, पीठ जरा घट्टच मळलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बोटं अशी झाली की सुईत दोरा ओवता येईना. मला वाटलं, सोऱ्यानं हात भरून आलाय. आठ दिवस ‘भरून आलाय’ म्हणूनच काढले.

तेव्हा गेल्या ४८ तासांचा हिशेब मांडा. एकच हालचाल तासन्‌तास, जोर लावून: सोऱ्या, खवणी, पुरण वाटणं, कुरडयांचा चीक हाटणं, चादरी पिळणं. जड उचलून हात खाली लोंबत ठेवणं: पाण्याची कळशी, बाजाराच्या पिशव्या. ऊन, चुलीची धग, फार गरम पाण्याची आंघोळ, शेकण्याची पिशवी. उष्णतेनं रक्तवाहिन्या फुलतात आणि झिरपणं वाढतं. लांबचा एसटीचा प्रवास. पालखीबरोबर दोन दिवस चालले तेव्हाही हात फुगला होता, नुसता खाली लोंबून. पुढच्या वर्षी टाळ घेतले. हात वर राहतो, मूठ हलत राहते, आणि सूज आली नाही. हे काही संशोधन नव्हे, माझा अनुभव.

कारण सापडलं तर उपाय सोपा. एक-दोन दिवस ते काम बंद, स्लीव्ह चालू, बसताना-झोपताना हात छातीच्या पातळीच्या वर उशीवर, आणि दर तासाला हात वर धरून वीसदा मूठ उघड-मीट. तीन दिवसांत टेप खाली यायला हवी. आली नाही तर पुढं सरका.

पण यावरून ‘आता काहीच करायचं नाही’ असा अर्थ काढू नका. पूर्वी बायकांना सांगायचे, या हातानं दोन किलोच्या वर उचलू नका. २००९ मध्ये अमेरिकेत १४१ बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्यांना स्लीव्ह घालून, हळूहळू वाढवत वजनं उचलायला लावली. त्यांची सूज वाढली नाही, उलट भडके कमी झाले. गोम त्या ‘हळूहळू’त आहे. मी अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या बाटलीपासून सुरू केलं. दुखलं-जडावलं तर परत मागं यायचं. वर्षातून एकदा तीन किलोच्या चकल्या करण्यापेक्षा रोज थोडं थोडं उचलणारा हात बरा राहतो.

३. हाताला कुठं काही आवळतंय का?

आरशासमोर उभं राहून बघायचं. रात्री कपडे काढल्यावर कुठं वळ उमटलेत? बाहीची कड, घड्याळाचा पट्टा, हिरवा चुडा, ब्राची खांद्यावरची पट्टी, पर्सचा बंद. वळ दिसला की तिथं पाण्याची वाट अडली.

ब्लाउज शिवून घेताना सुजऱ्या हाताचं माप वेगळं द्या. शिंप्यानं एकाच हाताचं घेतलं तर टोका. बाही दंडाच्या मापापेक्षा दीड इंच सैल, काठाला इलॅस्टिक नको, आणि आत दोन इंच माया ठेवायला सांगा. हात वाढला तर उसवून सैल करता येते. ब्राची खांदापट्टी रुंद हवी. आत कृत्रिम स्तन बसवत असाल तर त्याचं वजन सगळं पट्टीवर येतं, म्हणून तर हवीच. काचेच्या बांगड्या या हातात नकोतच. आवळतात ते वेगळं, फुटली की कापतं, आणि या हाताला कापणं परवडत नाही. सणासुदीला त्यावरून कुणी काही बोललं तर बोलू दे.

४. स्लीव्ह

सर्वात जास्त वेळा दोष इथंच सापडतो, आणि बायका सर्वात शेवटी इथं बघतात.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा: स्लीव्ह सूज उतरवत नाही, उतरलेली सूज धरून ठेवते. फुगलेल्या हातावर तीच जुनी स्लीव्ह ओढून चढवली तर ती जिथं आवळते तिथून पाणी सरकून जिथं सैल आहे तिथं साठतं. मनगट बारीक आणि तळहात पुरीसारखा टम्म, असा हात दिसला की समजायचं.

वय बघा. रोज वापरलेली स्लीव्ह सहा महिन्यांत दमते. दिसायला धडधाकट असते, पण ताण गेलेला असतो. सहज, न ओढता चढायला लागली की ती गेली. मी आतल्या बाजूला पट्टी शिवून त्यावर घेतल्याची तारीख लिहिते. पट्टी कडेच्या शिवणीलाच टाचायची, अंगाला लागता कामा नये. दोन घ्याव्या लागतात, एक अंगावर, एक वाळत.

धुणं. रोज, साध्या सौम्य साबणानं, कोमट किंवा गार पाण्यात. पिळायची नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायची. कपडे मऊ करणारं औषध घालायचं नाही, उन्हात वाळवायची नाही. रोज धुतल्यानं ती खराब होते हा गैरसमज आहे. घाम आणि तेलानं रबराचा धागा कुजतो, धुतल्यानं परत आकार धरते. खोबरेल किंवा क्रीम रात्री लावा, सकाळी स्लीव्हच्या आधी नाही. पावसाळ्यात आमच्याकडं काही वाळत नाही; मी पंख्याखाली टांगते. ओलसर कधीच घालू नका, बुरशी धरते.

चढवण्याची रीत. सकाळी, हात सगळ्यात उतरलेला असतो तेव्हा. चांगल्या हातात भांडी घासायचे रबरी मोजे घाला, कापड पकडता येतं आणि नखं लागत नाहीत. वरून ओढायची नाही, थोडी थोडी सरकवत न्यायची. कोपराच्या आतल्या बाजूला सुरकुती राहिली तर ती दिवसभर दोरीसारखी रुतते. लांब झाली म्हणून वरचा काठ दुमडू नका; दुमडलेल्या जागी दुप्पट दाब पडतो आणि वरची वाटच बंद होते. माझ्या सहांपैकी दोन भडके निव्वळ दुमडलेल्या काठाचे. रोज कापड दुमडून शिवणारी बाई मी, आणि हे माझ्या लक्षात येऊ नये!

माप आणि विणकाम. तयार मिळणाऱ्या बहुतेक स्लीव्ह गोल विणीच्या असतात, शिवण नसलेल्या. त्या सरळसोट हाताला बऱ्या. कोपराशी वळी पडणारा, खाली बारीक नि वर जाड असा हात असेल तर सपाट विणीची, कडेला शिवण असलेली, मापावर करून घेतलेली लागते. महाग असते. पण वळीत रुतणाऱ्या तीन स्वस्त स्लीव्हपेक्षा ती शेवटी स्वस्त पडते. तळहात सुजत असेल तर नुसती स्लीव्ह पुरत नाही, हातमोजाही लागतो. दाब किती हवा ते रक्तदाबासारखं पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं. ते थेरपिस्टनं ठरवायचं, दुकानदारानं नाही. बोटं निळी-पांढरी पडली, गार झाली किंवा मुंग्या आल्या तर ती जास्त घट्ट आहे, लगेच काढा.

रात्री दिवसाची स्लीव्ह काढून ठेवायची. रात्रीसाठी लागलीच तर वेगळी, कमी दाबाची असते.

आणि औषधाच्या दुकानातली क्रेप पट्टी गुंडाळू नका. ती फार ताणते. स्नायूनं दाबलं की सैल पडते आणि हात शांत असताना आवळत राहते, म्हणजे हवं त्याच्या बरोबर उलटं. लिम्फेडेमाची पट्टी कमी ताणणारी असते. ती भिंतीसारखी उभी राहते, स्नायू तिच्यावर ढकलतो आणि पाणी पुढं सरकतं.

५. कातडी, बोटाबोटानं

चष्मा लावून, उजेडात. नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या, कोपर, काख. विळीचं कापलेलं, तेलाचा चटका, डास चावून खाजवलेलं, कोरडी भेग, चिखल्या. तुंबलेलं प्रथिनयुक्त पाणी जंतूंना फार मानवतं, आणि त्यांना अडवणाऱ्या गाठी तर काढलेल्या. म्हणून एवढ्याशा भोकातूनही आत गेलेला जंतू तासाभराच्या हिशेबानं पसरतो.

२०१८ साली मला वांग्याच्या देठाचा काटा लागला. दिसतही नव्हता. सकाळी भरल्या वांग्यांची तयारी, दुपारी बोट ठणकायला लागलं, संध्याकाळी सातला दात वाजायला लागले. कोपरापर्यंत हात तव्यासारखा तापलेला. घरचे म्हणाले, एरंडाचं पान गरम करून बांधू. बांधलं नाही, हे नशीब. दोन दिवस सलाईनमधून प्रतिजैविक, मग गोळ्या. त्या एका काट्यानं वाढलेले अडीच सेंटिमीटर उतरायला चार महिने लागले. प्रत्येक संसर्गात उरलेल्या नळ्याही खराब होतात, म्हणून पुढचा भडका आणखी सोपा होतो.

आता काटेरी भाजीला आणि बागेत हातमोजे. कापलं की लगेच साबण-पाणी, जंतुनाशक मलम, पट्टी, आणि वहीत वेळ. काखेला ब्लेड नाही. नखांच्या कडा कापायच्या नाहीत. रात्री साधं मॉइश्चरायझर. वर्षात दोनपेक्षा जास्त वेळा संसर्ग होत असेल तर डॉक्टरांना ‘रोजची लहान मात्रेची पेनिसिलिन द्यायची का’ हे विचारा. तसा उपचार आहे; आपल्या मनानं सुरू करण्यातला नाही. गावाला जाताना संसर्गाच्या गोळ्यांचा एक संच जवळ ठेवायचा का, तेही विचारून घ्या.

त्या हातावर सुई आणि रक्तदाबाचा पट्टा नकोच, असं आपल्याला पढवलेलं असतं. अलीकडच्या अभ्यासांत त्यानं सूज वाढल्याचं दिसलेलं नाही. तरी दुसरा हात मोकळा असेल तर मी तोच पुढं करते. पण अपघातात, गडबडीत कुणी त्या हाताला सुई लावली तर भांडू नका.

६. वजन, नवीन गोळ्या, पाय

थोडक्यात. वजन वाढलं की हात वाढतो, आणि उतरवलं की हाताला मदत होते. म्हणून वहीत मापाशेजारी वजन. पाणी कमी प्यायल्यानं किंवा डाळ-अंडी सोडल्यानं सूज कमी होत नाही. दोन्ही हात किंवा पायही सुजले असतील तर तो हाताचा प्रश्न नाही. हृदय, मूत्रपिंड, थायरॉइड आणि नवीन सुरू झालेल्या गोळ्या फिजिशियनकडून तपासून घ्या. केमोतल्या काही औषधांनीही अंगावर सूज येते. गोळी मात्र आपणहून बंद करायची नाही.

विदर्भातल्या वाचकांसाठी एक वाक्य जास्त. चंद्रपूर-गडचिरोलीकडं सुजलेला हात-पाय दिसला की लोक आधी ‘हत्तीरोग’ म्हणतात. डासांतून येणाऱ्या फायलेरियाच्या जंतानंही याच लसिकावाहिन्या खराब होतात, त्यामुळं शंका घेणं चूक नाही. पण ऑपरेशनची बाजू आणि सुजलेला हात एकच असेल तर जंताच्या गोळ्यांवर महिने घालवू नका. डॉक्टरांना ऑपरेशनचं आधी सांगा.

७. मालिश: करताय का, आणि उलट्या क्रमानं तर करत नाही ना?

ही तेल-मालिश नव्हे. बाळंतिणीला चोळणाऱ्या बाईच्या हाती हा हात देऊ नका. जोरात चोळलं की रक्त वाढतं, झिरपणं वाढतं. हे ‘निचरा करणं’ आहे: कातडी नुसती सरकेल इतका हलका हात, सावकाश, कोरडा. गेल्या शतकाच्या तिशीत एमिल व्होडर या डेन्मार्कच्या गृहस्थानं आणि त्यांच्या बायकोनं ही पद्धत बसवली.

क्रमाला फार महत्त्व आहे. पाट तुंबला की आधी खालचं दार उघडतात, वरून पाणी सोडत नाहीत. तसं आधी पाच-सहा खोल श्वास, पोट फुगवून. मग गळपट्टीच्या हाडावरच्या खळग्या, मग चांगल्या बाजूची काख, मग सुजलेल्या बाजूची जांघ. मग छाती-पाठीवरून त्या मोकळ्या दारांकडं. मग दंड, खांद्याच्या दिशेनं. शेवटी कोपराखालचा हात, मनगट, बोटं, आणि दर वेळी पाणी वर आणून सोडायचं. बोटांपासून सुरू करणाऱ्या बायका भरलेल्या पाटात आणखी पाणी ढकलत असतात. मीही वर्षभर तेच केलं, व्हिडिओ बघून. एकदा तरी शिकलेल्या माणसासमोर बसून हाताला वळण लावून घ्या, मग घरी पंधरा मिनिटं पुरतात. संसर्ग, गुठळीची शंका किंवा हृदयाचा त्रास असताना मात्र नाही.

८. इथं थांबायचं

एक ते सात झालं, आठवडा गेला, आणि टेप दोन सेंटिमीटरच्या वरच आहे, किंवा कातडी घट्ट-जाड होतेय: घरचे उपाय संपले. लिम्फेडेमाचं प्रशिक्षण घेतलेला फिजिओथेरपिस्ट शोधा. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत अशी सोय असते. तुमचं ऑपरेशन जिथं झालं तिथं आधी विचारा. ते रोज निचरा करून थरांची बँडेजं बांधतात: आधी सुती नळी, बोटांना पट्ट्या, मग मऊ गादी, मग कमी ताणणाऱ्या पट्ट्या. हे दोन ते चार आठवडे चालतं. हात उतरायचा थांबला की मगच नव्या स्लीव्हचं माप घेतात. आधी माप देऊन बसलात तर पैसे पाण्यात. बँडेज बांधायला शिकून घ्या. पुढचा भडका घरीच आटोक्यात येतो.

हवेचा पंप विकायला येणारे लोक तुम्हाला भेटतीलच. पंप जोडीला चालतो, एकटा नाही. तो पाणी ढकलतो, पण खांद्यापाशी दार उघडलेलं नसेल तर ते तिथंच साठतं. थेरपिस्टनं सांगितल्याशिवाय घेऊ नका.

ऑपरेशनंही आहेत. लसिकावाहिनी बारीक शिरेला जोडणं, दुसरीकडची गाठ आणून बसवणं, आणि जुन्या हातात साठलेली चरबी ओढून काढणं. पहिली दोन जितकी लवकर तितकी बरी, तिसरं सूज घट्ट झाल्यावर. चरबी काढल्यावर तर स्लीव्ह जन्मभर आणि रात्रंदिवस. म्हणजे स्लीव्हपासून सुटका म्हणून याकडं बघत असाल तर सर्जनना हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा.

थेरपिस्टकडं जाताना वही, ऑपरेशनचा रिपोर्ट (किती गाठी काढल्या ते त्यात असतं), शेकाचा कागद आणि सध्याची स्लीव्ह घेऊन जा, कितीही विटकी असली तरी. ती कुठं रुतते ते त्यांना बघायचं असतं. आणि सैल, बिनबाह्यांचं काहीतरी घाला. पहिल्या भेटीला मी स्वतः शिवलेल्या कोपरापर्यंतच्या घट्ट बाहीत गेले होते. ती दंडावर सरकेना, काढताही येईना. शेवटी त्यांच्या टेबलावरची कात्री घेऊन मीच शिवण उसवली.